ढेकूण तुम्हीच आणलात!

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात लोखंडाची बडदास्त उत्तम ठेवतात. ग्राइंडिंग झालेला शाफ्ट गंजरोधक तेल लावून, कागदात गुंडाळून, लाकडी खाचेत ठेवला जातो. मोजमापाच्या खोलीत बाराही महिने २० अंश तापमान राखतात, कारण दोन अंश इकडेतिकडे झाले तर मायक्रॉनचा हिशेब चुकतो. त्या खोलीत धूळ चालत नाही, चपला चालत नाहीत, मोठ्यानं बोललेलंही फारसं चालत नाही. तो शाफ्ट मोजणारा, बसवणारा, दुरुस्त करणारा माणूस रात्री कुठे झोपतो, याची विचारपूस मात्र पीण्यात कुणी केलेली नाही.

मी तो माणूस. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून सीएनसी मशीनचे स्पिंडल दुरुस्त करायला बंगळुरूला येत-जात माझी नोकरीची वर्षं गेली. कोल्हापूरहून रात्रीची बस धरायची, पहाटे गोरगुंटेपाळ्याला उतरायचं, दिवसभर शॉप फ्लोअरवर बेअरिंग काढायचं-घालायचं, आणि रात्री तुमकूर रस्त्यालगतच्या एखाद्या लॉजवर अंग टाकायचं. अशाच एका लॉजवर मध्यरात्री दिवा लावला, तर उशीच्या शिवणीतून लालसर-तपकिरी रांग पलंगाच्या फटीकडे परतत होती. मानेवर, मनगटावर, कमरेला गांध्या उठलेल्या. खाली गेलो. मॅनेजर मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "सार, हमारे यहाँ कभी नहीं था. आपके बैग से आया होगा." खोली बदलून मिळाली नाही, पैसे परत मिळाले नाहीत, चादरसुद्धा बदलली गेली नाही. मागे उभा असलेला रूमबॉय तेवढा हळूच पुटपुटला, "तिगणे सार, एल्ला रूम." ढेकूण आहेत साहेब, सगळ्याच खोल्यांत.

ढेकणाचा राग दोन दिवसांत ओसरला. मॅनेजरचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. आलेल्या पाहुण्यावरच घाण आणल्याचा आळ घ्यायचा, ही युक्ती त्या पोराला सुचलेली नव्हती. ती त्याच्याकडे वारशानं आली होती. तो वारसा कुठून आला, याचा शोध घेत मी जमेल तसं वाचत गेलो. तुमकूर रस्त्यावरच्या मुक्कामांचा हा इतिहास त्यातून जुळत गेला.

सुरुवात पंचतंत्रापासून करावी लागते. राजाच्या शुभ्र बिछान्यात मंदविसर्पिणी नावाची ऊ राहत असते. तिथे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो. राजा गाढ झोपल्याशिवाय चावायचं नाही, या अटीवर ऊ त्याला ठेवून घेते. अग्निमुखाला दम निघत नाही. राजा ओरडत उठतो, सेवक दिवा घेऊन धावतात, ढेकूण फटीत पळतो आणि सापडते ती बिचारी ऊ. कथेचं तात्पर्य परक्याला आसरा देऊ नये असं सांगितलं जातं. मला त्यात दुसरंच दिसतं. राजानं हाक मारल्याबरोबर सेवक धावले, चादर उलटून पाहिली. बिछाना तुम्हीच खराब केलात असं राजाला कुणी म्हणालं नाही. तक्रार ऐकली जाते की नाही, हे तक्रार करणाऱ्याच्या पायरीवर ठरतं, एवढं त्या गोष्टीतून नक्की कळतं.

ढेकूण आपल्याकडे जुनाच. लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात का झोपतात, तर घरातल्या ढेकणांच्या भीतीनं, असा विनोद संस्कृत सुभाषितकारानं करून ठेवला आहे. तुकोबांनी कुसंगतीचा दाखला द्यायला ढेकूणच निवडला. आणि सुरतेत १६८९ साली आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्यानं तिथल्या वाण्यांच्या प्राणी-रुग्णालयाचं वर्णन लिहिलं आहे. तिथे ढेकूण-पिसवांचीही सोय होती. एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजवायचे आणि किड्यांना त्याचं रक्त मिळू द्यायचे. त्या गरिबाला निदान मजुरी मिळत होती. आम्ही लॉजवाल्याला वर पैसे देतो.

पण प्रवाशाच्या वाट्याला नेहमी असंच आलं, असं समजायचं कारण नाही. दक्षिणेत वाटसरूंसाठी छत्रं, म्हणजे धर्मशाळा, बांधायची मोठी परंपरा होती, आणि तिच्यातला एक लखलखीत अध्याय मराठी माणसांनी लिहिला आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज १७९८ साली गादीवर आले. रामेश्वरच्या वाटेवर त्यांच्या घराण्यानं जागोजाग छत्रं उभारली होती. ओरत्तनाडूचं मुक्ताम्बाळ छत्र त्यांतलं प्रसिद्ध. कंपनी सरकारचा डोळा राज्याच्या उत्पन्नावर होता, तेव्हा १८०१ साली सरफोजींनी ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांत काय काय चालतं हे कळवलं. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत येईल त्या वाटसरूला अन्न. आजारी पडला तर औषध, पथ्याचं जेवण आणि बरा होईपर्यंत आदरानं शुश्रूषा. पोरक्या मुलांचा सांभाळ, तान्ह्यांना दूध, वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची देखभाल. आणि मुक्कामात कुणी वारलाच, तर त्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी. जातीप्रमाणे पंगती वेगळ्या असणार, तो काळच तसा होता. पण राज्य हातचं जात असताना एक राजा छत्रांची बाजू मांडतो, आणि त्या यादीत वाटसरू आजार घेऊन आला म्हणून त्याला दोष दिल्याचं एकही वाक्य नाही. आजारी माणूस येणारच, हे धरूनच व्यवस्था आखलेली आहे.

अशीच एक वास्तू बंगळुरूच्या मुख्य रेल्वे स्टेशनसमोर उभी आहे. गुब्बी तोटदप्पा हे तुमकूरपलीकडच्या गुब्बीचे व्यापारी. पीण्यावरून जाणारा हा रस्ता म्हणजे त्यांच्या गावाचीच वाट. परगावहून आलेल्या माणसाला शहरात रात्री पाठ टेकायला जागा नसते, हे व्यापाराच्या निमित्तानं फिरणाऱ्या या माणसाला पुरतं ठाऊक होतं. त्यांनी स्टेशनजवळ जमीन घेऊन धर्मछत्र बांधलं आणि १९०३ साली म्हैसूरच्या नाल्वडी कृष्णराज वडेयर महाराजांच्या हस्ते ते उघडलं. तिथे आजही प्रवासी उतरतात.

इंग्रजांनी दुसरी पद्धत आणली. रस्त्यांवर डाक बंगले बांधले, खानसामा नेमला आणि टेबलावर एक वही ठेवली. आलेल्यानं नाव, तारीख, भाडं लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा. जेवणाबद्दलचे शेरे तर विनोदाचा विषय झाले होते. साहेब आला की अंगणातली कोंबडी धरून कापायची आणि तासाभरात ताटात वाढायची, म्हणून त्या पदार्थालाच 'सडन डेथ' म्हणत. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याची नोंद आहे. पण वही ही कल्पना मोलाची होती. ती वरचा अधिकारी वाचायचा, म्हणून खानसामा तिला दबून असायचा. खोट इतकीच, की हे बंगले मुख्यतः साहेबांसाठी होते. आपला माणूस मुसाफिरखान्यात किंवा छत्रात उतरायचा, आणि तिथे वही नव्हती.

एतद्देशीयांच्या सरायांसाठी सरकारनं वही दिली नाही, कायदा केला. १८६७ चा सराय कायदा. सरायवाल्यानं नोंदणी करायची, खोल्या, ओसऱ्या, गटारं, विहिरी साफ ठेवायच्या, पहारेकरी नेमायचे, भाड्याचा तक्ता दिसेल असा लावायचा. कुणाला संसर्गजन्य रोग झाला तर ताबडतोब पोलीस ठाण्याला कळवायचं. मोडला तर दंड, वीस रुपयांपर्यंत. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता, म्हैसूर संस्थानाला तो लागू नव्हता. तरी त्यातली भूमिका लक्षात घेण्यासारखी आहे. घाण कुणी आणली, हा प्रश्नच तो कायदा विचारत नाही. भाडं जो घेतो, झाडू त्यानंच मारायचा, इतकं सरळ.

मग हा आळ आला कुठून? माझ्या मते तो आगगाडीतून आला, आणि त्याचं साल १८९८.

बंगळूर-तुमकूर लोहमार्ग १८८४ मध्ये सुरू झाला. पुढे सदर्न मराठा रेल्वेनं हुबळीमार्गे पुण्याशी तो जोडला गेला. हा मार्ग यशवंतपूरवरून, म्हणजे आजच्या पीण्याच्या कडेनंच जातो. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, पुण्यात १८९७ मध्ये त्यानं आणि रँडच्या सोल्जरांनी मिळून काय केलं ते आपण शाळेत शिकतो. हुबळीहून हाच प्लेग गाडीत बसून ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळुरात उतरला. हजारो माणसं मेली. पेठा ओस पडल्या. लोकांना गावाबाहेर झोपड्यांच्या आणि तंबूंच्या कॅम्पांत हलवलं. मल्लेश्वरम, बसवनगुडी या मोकळ्या वसाहती पुढे भराभर भरल्या, त्यामागे या भीतीचाच हात होता. म्हैसूर संस्थानाचे प्लेग कमिशनर होते व्ही. पी. माधवराव. ते कुंभकोणमच्या तंजावरी मराठी घराण्यातले, पुढे १९०६ मध्ये म्हैसूरचे दिवाण झाले.

या काळात प्रवासी हा संशयित ठरला. स्टेशनांवर डॉक्टर काखेत आणि जांघेत हात घालून गाठी तपासायचे. मद्रास इलाख्यात तर दूषित गावाहून येणाऱ्याच्या हाती प्लेगचा पासपोर्ट दिला जायचा आणि त्यानं दहा दिवस रोज हजेरी लावायची. माणसाची झडती अशी चालली असताना मालडब्यातली धान्याची पोती बिनदिक्कत पुढे जात होती, आणि पोत्यांतून उंदीर आणि उंदरांवरच्या पिसवा. त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत प्रयोग करून दाखवलं, की प्लेग उंदराकडून उंदराकडे नेते ती पिसू. त्याच्यावर कुणी चटकन विश्वास ठेवला नाही. मुंबईतल्या तज्ज्ञ मंडळानं १९०५ नंतर पुन्हा प्रयोग केले, तेव्हा ते सर्वमान्य झालं. सात-आठ वर्षं आपण माणूस तपासत होतो, तपासायला हवं होतं गोदाम. रोग निघून गेला. येणारा माणूसच घाण आणतो, ही सवय मात्र मागे राहिली.

ढेकणावरही असाच आळ आला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. एस. पॅटनला वाटत होतं, की काळा आजार ढेकूणच पसरवतो. त्यानं वर्षानुवर्षं ते सिद्ध करायचा प्रयत्न केला. अखेर १९४२ मध्ये वाळूमाशी दोषी ठरली आणि ढेकूण सुटला. ढेकूण रोग पसरवत असल्याचा भक्कम पुरावा आजही नाही. झोप, कातडी आणि अब्रू तो घेतो, हे वेगळं.

मधे एक काळ असा आला, की ढेकूण आता इतिहासजमा होणार असं वाटलं. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलरनं १९३९ मध्ये शोधला, १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपल्याकडे राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला. पाठीवर पंप घेतलेली माणसं घराघरांत भिंती फवारून जायची, डासांबरोबर ढेकूणही मरायचे. जुनी माणसं अजून सांगतात, की फवारणीनंतर काही दिवस घरात शांत झोप लागायची. पण हवाईमधल्या पर्ल हार्बरच्या बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण १९४७ मध्येच सापडले होते. आपल्याकडेही तेच झालं. मग टिक-ट्वेंटी हे ढेकणांचं औषध आलं. चाळीतल्या प्रत्येक घरात ती बाटली असे, आणि तिनं ढेकणांबरोबर किती माणसांचा जीव घेतला हे त्या काळची वर्तमानपत्रं चाळली की कळतं. त्याआधी आणि त्यानंतरही खरा भरवशाचा उपाय एकच होता. खाट उन्हात टाकायची, फटींत रॉकेल सोडायचं, उकळतं पाणी ओतायचं.

आता पीण्याकडे येऊ. एचएमटीचा पहिला कारखाना जालहळ्ळीला १९५३ मध्ये सुरू झाला, शेजारीच भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपं आसपास वाढली. तिथून बाहेर पडलेल्या कारागिरांनी आणि इंजिनिअरांनी स्वतःची लेथ टाकली. त्यांना जागा द्यायला सत्तरच्या दशकात सरकारी महामंडळांनी तुमकूर रस्त्याच्या पश्चिमेला पीण्या आखलं. पहिला टप्पा, दुसरा, तिसरा, चौथा. पीण्या इंडस्ट्रीज असोसिएशन १९७८ ची. आज टूलरूम, फाउंड्री, प्लेटिंग, पावडर कोटिंग, तयार कपडे, काय म्हणाल ते इथे गल्लीत मिळतं. आमच्या कोल्हापूर-बेळगावच्या कास्टिंगना इथे कायम गिऱ्हाईक आहे, म्हणून तर आम्ही येतो.

नकाशावर शेड आखल्या, रस्ते आखले, वीज आणली. कामगार झोपेल कुठे, हे आखलं नाही. तो प्रश्न राजगोपालनगर, लग्गेरे, हेग्गनहळ्ळी, दासरहळ्ळी या भोवतालच्या खेड्यांनी आपापल्या परीनं सोडवला. शेतावर मजले चढले, मजल्यांवर दहा बाय दहाच्या खोल्या. एका खोलीत चौघे-पाच जण, आणि पाळीचं काम असेल तर एकाच गादीवर रात्री एक, दिवसा दुसरा. गादी कधी थंड होत नाही. ढेकणाला याहून काय हवं? लॉजांची तीच तऱ्हा. गिऱ्हाईक एका रात्रीचं, पुन्हा येईलच असं नाही. खर्च कंपनी देते, त्यामुळे स्वस्तात स्वस्त खोली बघितली जाते. सकाळी आठला कामावर हजर व्हायचं असल्यानं भांडायला माणसाकडे वेळ नसतो. अशा ठिकाणी गादी बदलण्यात मालकाला काडीचाही फायदा नाही.

प्रवाशांसाठी पीण्यात एकदा मोठा खर्च झाला, तोही मुक्कामाच्या कामी आला नाही. उत्तर कर्नाटकाकडच्या बसगाड्या मॅजेस्टिक या मध्यवर्ती बसस्थानकाऐवजी इथून सोडायच्या म्हणून २०१४ मध्ये बसवेश्वर बसस्थानक उभारलं. प्रशस्त, पक्कं, फलाटांचं. लोक तिकडे फिरकेनात, गाड्या परत मॅजेस्टिकला गेल्या. त्याच वर्षी १ मार्चला मेट्रो पीण्यापर्यंत आली, पुढच्या वर्षी नागसंद्रपर्यंत. आज रात्री दहालाही मेट्रोनं पीण्यातून निघता येतं. राहायचं झालं तर मात्र तोच लॉज.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. ढेकूण आणि त्याची अंडी ५० अंशांच्या वर तापमान टिकवलं की मरतात. त्याला औषधाचा प्रतिकार येतो, उष्णतेचा येत नाही. हे आता जगभर मान्य आहे, आणि आमच्या आज्या खाट उन्हात टाकायच्या तेव्हाही त्या हेच करत होत्या. पीण्यातल्या पावडर कोटिंगच्या भट्ट्या रोज १८० ते २०० अंशांवर चालतात. भट्टी कशी बांधायची, तापमान कसं राखायचं, हे इथल्या गल्लीतल्या फॅब्रिकेटरला तोंडपाठ आहे. एक गादी मावेल अशी साठ अंशांची पेटी त्याच्यासाठी दोन दिवसांचं काम. एवढं ज्ञान शंभर पावलांवर असताना लॉजवाला काय करतो, तर वासाची फवारणी मारून गादी उलटी करतो.

मॅनेजरचं म्हणणं निव्वळ खोटं होतं, असंही नाही. ढेकूण बॅगेतूनच फिरतो. बसच्या सीटवरून, पार्सलच्या गोणीतून, माझ्या किंवा माझ्याआधी आलेल्या कुणाच्या सामानातून तो आलाच असेल. पण तंजावरच्या छत्रात आजारीही येतच होते, आणि सरायांत गटारं प्रवाशांमुळेच तुंबत होती. तरी सांभाळायची जबाबदारी घर चालवणाऱ्याची धरली जात होती. आणि आजचं न्यायालयही तेच धरतं. ऑगस्ट २०२२ मध्ये मंगळुरूहून बंगळुरूला रात्रीच्या खासगी बसनं निघालेल्या एका महिलेला सीटवर ढेकूण चावले. तिनं बसमधल्या माणसाला सांगितलं, त्यानं दाद दिली नाही. ती दक्षिण कन्नड जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेली. २०२४ च्या अखेरीस आयोगानं बसवाल्यांना आणि तिकीट विकणाऱ्या कंपनीला मिळून सुमारे १ लाख २९ हजार रुपये द्यायला लावले. बसमध्ये ढेकूण कुणी आणला, याचा पत्ता त्या निकालाला लागायची गरज पडली नाही.

म्हणून पीण्यात, चाकणला, शिरोलीला, कुठेही कामानिमित्त मुक्काम करणाऱ्या माझ्यासारख्यांना एवढंच सांगणं आहे. खोलीत शिरल्याबरोबर बॅग पलंगावर टाकू नका. आधी गादीची शिवण आणि पलंगाच्या फटी मोबाइलच्या उजेडात बघा. काही दिसलं तर फोटो काढा, बिल मागा, आणि तक्रार तोंडी न करता लेखी द्या. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि कारखानदारांना एक विनंती. तुमच्याकडे मशीन नीट करायला जो येतो, त्याच्या खोलीची एकदा स्वतः जाऊन पाहणी करा. मोजमापाच्या खोलीसाठी जेवढा विचार केलात, त्याच्या दहाव्या हिश्शानंही काम भागेल. बाकी ढेकूण कुणी आणला हा वाद घालायचं कारणच नाही. भाडं ज्यानं घेतलं, ढेकूण त्याचा.